चौलच्या किनाऱ्यावरून नाईलच्या काठी: मैत्रिणीसोबत इजिप्त पाहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या जानेवारीत मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, अशा आम्ही दोघी अकरा दिवस इजिप्तला जाऊन आलो. आमचे दोघींचे माहेर मालवणचे. मी लग्न होऊन चौलला आले आणि तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. ती नागावला नारळी-पोफळीची वाडी सांभाळते. परत आल्यापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवात, एसटीच्या थांब्यावर आणि फोनवर इतक्या जणांनी इतके प्रश्न विचारले की त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत असे वाटले. ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

एवढ्या देशांतून इजिप्तच का निवडला?

कारण तो आपल्या समुद्राचा दुसरा काठ आहे. हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले होते, पण पाहिले नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. त्यात सोपारा आणि कल्याण यांच्यानंतर किनाऱ्याने खाली येताना ‘सेमिल्ला’ या बाजारपेठेचे नाव येते, आणि हे सेमिल्ला म्हणजे आपले चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावांमध्ये ‘चेमुल’ येते, तेही चौलच. म्हणजे ज्या खाडीच्या तोंडाशी आम्ही संध्याकाळी फिरायला जातो, तिचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी नाईलच्या काठी माहीत होते.

ही ये-जा चालत असे ती मोसमी वाऱ्यांवर. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्येच्या वाऱ्याने अरबी समुद्र ओलांडून पाऊस सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागत, आणि हिवाळ्यात वारा फिरला की माल भरून परत जात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटतात, त्याच्या आसपासच ती परदेशी शिडे क्षितिजावर दिसत असणार. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या बंदराच्या उत्खननात साडेसात किलोंच्या आसपास काळी मिरी भरलेला हिंदुस्थानी रांजण सापडला, सागाचे लाकूड सापडले, आणि अलीकडे २०२२ मध्ये संगमरवरी बुद्धमूर्तीही सापडली. त्याच ठिकाणी सातवाहनांची नाणीही मिळाली. बेरेनिके सर्वसाधारण पर्यटकांच्या वाटेवर नाही, आम्हीही तिथे गेलो नाही. पण तिथे उतरलेला माल उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलच्या काठच्या कोप्टोसला जाई, आणि ते कोप्टोस, म्हणजे आजचे किफ्त, लक्सरच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर आहे. लक्सरच्या घाटावर उभे राहिल्यावर मला हीच गोष्ट पहिल्यांदा आठवली.

दोघी बायकाच गेलात, भीती वाटली नाही का?

नाही. कैरो, लक्सर आणि आस्वान या तिन्ही शहरांत पर्यटकांची सतत वर्दळ असते आणि महत्त्वाच्या स्थळांवर पर्यटन पोलीस असतात. आम्ही सैल पंजाबी ड्रेस घातले, ओढणी बरोबर ठेवली आणि रात्री उशिरा अनोळखी भागात फिरलो नाही, म्हणजे मुंबईत जे पाळतो तेच पाळले. आमचे वय साठीकडे झुकलेले असल्यामुळे लोक अदबीने बोलत. हिंदुस्थानातून आलो म्हटले की निम्मे लोक ‘अमिताभ बच्चन’ असे म्हणून हसत आणि तिथून गप्पांना सुरुवात होई.

त्रास असलाच तर तो विक्रेत्यांच्या चिकाटीचा. ‘ला, शुक्रन’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, एवढे शांतपणे म्हणून न थांबता चालत राहावे. थांबून कारण सांगू लागलात की बोलणे लांबते.

कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जानेवारीत दिवसा ऊन मऊ असते, पण पहाटे आणि रात्री चांगलीच थंडी पडते, आणि कोकणातल्या माणसाकडे खऱ्या थंडीचे कपडे नसतात ही अडचण आधीच ओळखावी. माझ्या मैत्रिणीने एकच स्वेटर घेतला होता आणि दुसऱ्याच दिवशी कैरोच्या बाजारात दुसरा घ्यावा लागला. उन्हाळ्यात लक्सर-आस्वानकडे पारा सहज चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा मे महिन्याच्या सुटीचा विचार करू नये. रमजानच्या काळात स्थळांच्या वेळा कमी होतात, आणि तो महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी तेही पाहून घ्यावे.

चौलहून निघून कैरोला पोहोचायचे कसे, आणि व्हिसाचे काय?

आम्ही एसटीने अलिबाग, तिथून मांडवा आणि मांडव्याहून बोटीने मुंबई, असे गेलो. विमान मुंबईहून थेट मिळाले तर साधारण सहा तासांत कैरो येते, आखाती देशांतून बदलून गेल्यास वेळ वाढतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि व्हिसा निघण्यापूर्वीच हाती असावा. त्याचे नियम बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर न राहता इजिप्तच्या वकिलातीकडूनच खात्री करावी. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी मांडव्याच्या छोट्या लाँचेस बंद असतात हे लक्षात घेऊन सडकेचा वेळ हिशेबात धरावा.

अकरा दिवसांत काय काय पाहून झाले?

चार दिवस कैरो, गिझा आणि सक्कारा यांना दिले, तीन दिवस लक्सरला, तीन दिवस आस्वान आणि अबू सिंबलला, आणि एक दिवस प्रवासात गेला. कैरोहून लक्सरला रात्रीच्या गाडीने गेलो आणि लक्सरहून आस्वानला दिवसाच्या गाडीने, कारण या तीन तासांच्या प्रवासात खिडकीतून ऊस, खजुरी आणि कालवे दिसत राहतात. अलेक्झांड्रिया आम्ही मुद्दाम सोडले. माझे स्पष्ट मत आहे की दिवसाला दोनच स्थळे पाहावीत: सकाळी एक मोठे, आणि दुपारनंतर एक छोटे किंवा काहीच नाही. दिवसाला पाच देवळे दाखवणाऱ्या सहलींतून परतलेल्या माणसांना कर्नाक कोणते आणि कोम ओंबो कोणते हे सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.

कर्नाकच्या मंदिरातला खांबांचा सभामंडप एकटाच अर्धा दिवस मागतो. तिथे १३४ खांब आहेत, त्यांतले मधले बारा सुमारे २१ मीटर उंच आहेत, म्हणजे आमच्या वाडीतल्या सर्वांत जुन्या माडाइतके. फरक एवढाच की त्यांच्या बुंध्याला कवळ घालायला आम्हा दोघींचे चार हात पुरणे शक्यच नव्हते. मैत्रीण वर पाहत म्हणाली, “हे खांब नव्हेत गो, हे आगर आहे.” आणि ते अगदी खरे होते, कारण त्या खांबांची शिरे पपायरसच्या, म्हणजे ज्यापासून प्राचीन इजिप्तमध्ये कागद करत त्या नदीकाठच्या लव्हाळ्याच्या, फुलांच्या आकाराची आहेत आणि सगळा मंडप नदीकाठच्या झाडोऱ्यासारखाच कल्पिलेला आहे.

पिरॅमिडच्या आत जावे का? गुडघे दुखतात त्यांचे काय?

बाहेरून पाहण्यासाठी काही अडचण नाही. आता आवारात विजेवर चालणाऱ्या बसेस आहेत, त्यामुळे चालणे पुष्कळ वाचते. आत जाण्याचे तिकीट वेगळे असते. खुफूच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये चढत्या वाटेचा पहिला टप्पा जेमतेम सव्वा मीटर उंचीचा आहे, तिथे कमरेत वाकूनच चढावे लागते. त्यानंतर सुमारे ४७ मीटर लांबीची उंच चिंचोळी गॅलरी लागते आणि तिच्या शेवटी राजाची ग्रॅनाइटची खोली येते. खोलीत झाकण नसलेली दगडी शवपेटी सोडून काहीही नाही. हवा कोंदट असते. गुडघे, कंबर किंवा श्वास यांचा त्रास असलेल्यांनी जाऊ नये, आणि न गेल्याचे वाईट वाटून घेऊ नये. मी गेले, मैत्रीण बाहेर सावलीत बसली, आणि त्या वेळात तिने मोजून सांगितले की खालच्या रांगेतले दगड तिच्या छातीपर्यंत येतात.

हा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६० च्या सुमारास पूर्ण झाला, मूळ उंची सुमारे १४६ मीटर, आणि त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत. हे आकडे सगळीकडे मिळतात. मला त्याहून मोलाची वाटते ती तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये सापडलेली पपायरसवरची रोजनिशी. मेरेर नावाचा एक अधिकारी आपल्या चाळीसेक माणसांच्या टोळीसह तुरा इथल्या खाणींतला पांढरा चुनखडीचा दगड बोटीत भरून गिझाला कसा आणत असे, याची ती दिवसवार नोंद आहे. आजवर सापडलेल्या लिहिलेल्या पपायरसांत या कागदांहून जुना एकही नाही. बोट, खलाशी, माल आणि खेपा असा तो हिशेब आहे, आणि बंदरावर वाढलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो.

त्याच खुफूची बोट गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमच्या आवारात ठेवली आहे. १९५४ मध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी खड्ड्यात सुटे भाग करून ठेवलेली ही ४३ मीटरांची देवदाराची बोट सापडली. तिच्या फळ्या दोरांनी एकमेकींना शिवलेल्या आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही काथ्याने शिवलेल्या होड्यांची जुनी परंपरा आहे. माझी मैत्रीण स्वतःच्या वाडीतला काथ्या हाताने वळणारी बाई आहे. ती त्या बोटीभोवती तीन वेळा फिरली, आणि दोर कुठून आत जातो नि कुठे बाहेर येतो हे बोटाने हवेत काढून मला दाखवत राहिली.

सगळ्यांत जास्त काय आवडले?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि माझे उत्तर ऐकून लोक थोडे निराश होतात, कारण ते पिरॅमिड नाही आणि तुतनखामेनचा मुखवटाही नाही. ते सक्काराच्या मस्तबांच्या भिंतींवरचे मासे आहेत.

सक्कारा कैरोपासून तासाभराच्या अंतरावर आहे. लोक तिथे जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड पाहायला जातात. राजाचा वास्तुशिल्पी इम्होतेप याच्या देखरेखीखाली इसवी सनापूर्वी सत्ताविसाव्या शतकात उभा राहिलेला, सुमारे ६२ मीटर उंचीचा हा पिरॅमिड दगडातल्या मोठ्या बांधकामाचा आरंभ मानला जातो, आणि तो पाहायलाच हवा. पण त्याच्या परिसरात टी, मेरेरुका, कागेम्नी अशा मोठ्या अधिकाऱ्यांच्या कबरी आहेत, त्यांना मस्तबा म्हणतात. बाहेरून त्या बसक्या दगडी घरासारख्या दिसतात. आत शिरल्यावर मात्र चार हजार तीनशे वर्षांपूर्वीचा नाईलचा काठ भिंतीभर पसरलेला असतो.

मालवणच्या किनाऱ्यावर आम्ही लहानपणी रापण ओढताना पाहत असू. जाळ्याची दोन टोके धरून दोन रांगांतली माणसे वाळूत टाचा रोवून, अंग मागे टाकून एका लयीत ओढतात, आणि जाळे जवळ येऊ लागले की सगळ्यांत धाकटी पोरे पाण्यात धावतात. त्या भिंतीवर नेमके हेच कोरलेले आहे. दोन बाजूंना माणसांच्या रांगा, खांद्यावरून घेतलेला दोर, मागे झुकलेली शरीरे, मधोमध जाळे आणि त्यात ठासून भरलेले मासे. माझी मैत्रीण काही क्षण बोललीच नाही. मग तिने रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे बोट दाखवून म्हटले, “ह्याच्या पायांकडे बघ, हा दमलेला आसा.” त्याचा एक पाय खरोखरच इतरांपेक्षा जास्त वाकलेला होता.

मासे इतके नेमके आहेत की अभ्यासक त्यांच्या जाती ओळखतात. आम्हालाही बोय लगेच ओळखता आली, तिलापिया ओळखता आला आणि मिशांवरून शिंगाळ्याच्या जातीतलाही एक ओळखता आला. नाईलमध्ये पाठ खाली आणि पोट वर करून पोहणारा एक मासा आहे, आणि या काळातल्या चित्रांत तो उलटाच कोरलेला असतो. म्हणजे कोरणाऱ्याने तो पाण्यात पाहिला होता, नुसता ताटात नव्हे. अशी नजर असलेल्या कारागिराचे नाव कुठेही लिहिलेले नाही याची मला तिथे उभी असताना फार रुखरुख लागली.

माशांची आवड असलेल्यांनी लक्सरच्या पश्चिम काठावरील हत्शेप्सुत राणीच्या मंदिरातही मधल्या गच्चीच्या डाव्या बाजूची भिंत शोधावी. राणीने तांबड्या समुद्रावाटे पुंत नावाच्या प्राचीन देशाला पाठवलेल्या जहाजांचा तो देखावा आहे. जहाजांच्या खाली पाण्याची पट्टी आहे आणि तिच्यात नाईलचे नव्हे, तर तांबड्या समुद्रातले मासे, शेवंड आणि माकूळ कोरलेले आहेत. बहुतेक गट या भिंतीपाशी पाच मिनिटेही थांबत नाहीत.

तुतनखामेन आणि ममी कुठे पाहायच्या?

लक्सरजवळच्या राजांच्या दरीत हॉवर्ड कार्टर यांना नोव्हेंबर १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली. त्याची ममी अजून तिथेच आहे. कबरीतल्या पाच हजारांहून अधिक वस्तू आता गिझाच्या नव्या संग्रहालयात एकत्र मांडल्या आहेत, त्याचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. इतर राजांच्या ममी मात्र कैरोच्या फुस्तात भागातील राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात आहेत. ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्या यांना मिरवणुकीने तिथे नेण्यात आले. त्या दालनात छायाचित्रे घेता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन कबरी पाहता येतात. तुतनखामेन, पहिला सेती यांच्यासारख्या काहींसाठी वेगळे तिकीट लागते.

अबू सिंबलसाठी पहाटे चारला निघणे खरोखर आवश्यक आहे का?

होय. आस्वानपासून तीन-साडेतीन तासांचा वाळवंटातला रस्ता आहे. दुसऱ्या रामसेसचे हे मंदिर आज जिथे दिसते तिथे ते मुळात नव्हतेच. आस्वानच्या उंच धरणाचे पाणी वाढणार म्हणून युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात अख्खा डोंगरकडा कापून, तुकडे क्रमांकांनुसार ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडण्यात आला. समोरचे चार बसलेले पुतळे प्रत्येकी २० मीटर उंच आहेत. जवळ गेल्यावर एका पुतळ्याच्या पायावर कापाची बारीक रेष दिसते, ती शोधण्यात आमचा अर्धा तास गेला. धरणात गाव गेलेल्या माणसांना इथे काय वाटेल, असा विचार मनात येत राहिला, कारण देवळे हलली तशी या भागातल्या नुबियन लोकांची गावेही उठली, आणि ती काही पुन्हा तशीच जोडता आली नाहीत.

आस्वानजवळचे फिलेचे मंदिरही असेच दुसऱ्या बेटावर हलवलेले आहे. तिथे होडीनेच जावे लागते. चित्रलिपीतला आजवर सापडलेला शेवटचा लेख याच मंदिरात आहे, २४ ऑगस्ट ३९४ या दिवसाचा.

नाईलवर क्रूझ घ्यावी की साधी होडी?

लक्सर ते आस्वान तीन-चार रात्रींच्या क्रूझ असतात, त्यांत एदफू आणि कोम ओंबो वाटेत पाहता येतात, आणि ज्यांना सामान सारखे हलवायचे नाही त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. आम्ही त्याऐवजी आस्वानला दोन संध्याकाळी फेलुक्का घेतली. फेलुक्का म्हणजे तिकोनी शिडाची लाकडी होडी. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून येतो, त्यामुळे वर जायचे तर शीड उभारायचे आणि खाली यायचे तर प्रवाहावर सोडून द्यायचे. प्राचीन लिपीतही दक्षिणेला जाण्याच्या शब्दापुढे शीड उभारलेली होडी काढत, आणि उत्तरेला जाण्याच्या शब्दापुढे शिडाविना.

आमचा तांडेल नुबियन होता, सत्तरीचा. मैत्रिणीने डब्यातून आंबापोळी काढून त्याला तुकडा दिला. त्याने ती हुंगली, जिभेवर ठेवली आणि डोळे मोठे करून म्हणाला, “मांगा!” इजिप्तमध्ये आंब्याला हेच म्हणतात. मग त्याने सुकाणू माझ्या हातात दिले आणि दुसरा तुकडा मागून घेतला. त्यानंतर अर्धा तास आम्हा तिघांपैकी कोणालाच एकमेकांची भाषा येत नसताना आंब्यांविषयी बोलणे चालले होते.

जेवणाचे हाल होतात का? शाकाहारी माणसाने काय खावे?

मुळीच हाल होत नाहीत. कोशरी हा तांदूळ, मसूर, मॅकरोनी, हरभरे, तळलेला कांदा आणि टोमॅटोची आंबट-तिखट चटणी यांचा पदार्थ सगळीकडे मिळतो आणि तो पूर्ण शाकाहारी असतो. सकाळी ‘फूल’ खावे. बाकल्याचे दाणे निमुळत्या तोंडाच्या भांड्यात रात्रभर मंद आचेवर शिजवतात. पोपटीच्या दिवसांत वालाच्या शेंगांचे मडके उघडल्यावर जो वास येतो, त्याच्या जवळपास जाणारा तो वास आहे. त्याच दाण्यांचे आतून हिरवे असणारे वडे म्हणजे तामिया. भाकरीसारख्या रोटीला तिथे ‘ऐश’ म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ जगणे, आणि आपण ‘ऐश करणे’ म्हणतो तो शब्दही मुळात हाच.

आम्ही मेतकूट, कुळथाचे पीठ आणि आमसुले नेली होती. त्यांतली आमसुलेच खरी कामाला आली, उन्हातून आल्यावर पाण्यात टाकून पिण्यासाठी. पाणी बाटलीबंदच प्यावे. मैत्रिणीने एकदा रस्त्यावरचा उसाचा रस बर्फ घालून घेतला आणि पुढचा पूर्ण दिवस खोलीत मीठ-साखरेच्या पाण्यावर काढला.

पैसे कसे न्यावेत? बक्षीस द्यावेच लागते का?

बहुतेक मोठ्या स्थळांची तिकिटे आता फक्त कार्डाने घेता येतात, म्हणून परदेशी व्यवहार चालू करून घेतलेली दोन कार्डे असावीत. थोडे डॉलर आणि सुटे इजिप्शियन पौंड जवळ ठेवावेत. सुट्यांची गरज बक्षिसासाठी पडते, आणि शब्दही हाच आहे. सामान उचलणारा, स्वच्छतागृहाची व्यवस्था पाहणारा, होडीवाला यांना लहान रक्कम देण्याची रीत आहे आणि ती आनंदाने पाळावी. मात्र कबरीत रखवालदार दोरीपलीकडे नेऊन ‘खास’ काही दाखवू लागला तर जाऊ नये. श्वासाचा ओलावा आणि हातांचा स्पर्श यांनी रंग उडतात. हॉटेलात बिल मागताना ‘हिसाब’ म्हणावे. दुकान, साबण, खुर्ची, तारीख हे शब्दही थोड्या फरकाने समजतात.

फसवणूक झाली का?

एकदा झाली. गिझाला एका उंटवाल्याने बसण्याचे पैसे ठरवले आणि उतरण्याचे वेगळे मागितले. आम्ही थोडे देऊन सुटलो. उंटावर बसण्यापूर्वी ‘वर चढणे, फिरणे, खाली उतरणे, दोघींचे मिळून इतके’ असे बोटांवर मोजून ठरवून घ्यावे.

मैत्रिणीबरोबर इतके दिवस राहून भांडण झाले नाही?

एकदा जवळपास झालेच. कर्नाकमध्ये मला पवित्र तलावापर्यंत जायचे होते आणि तिला एका खांबाच्या सावलीत बसायचे होते, आणि आम्ही दोघीही आपलेच खरे करायला निघालो. मग ठरले की रोज दुपारी तासभर ज्याने त्याने हवे ते करायचे आणि ठरलेल्या जागी भेटायचे. तो तास आम्हाला फार मानवला. दुसरे म्हणजे, सामायिक खर्चासाठी एकच पाकीट ठेवले, त्यात दोघींनी सारखी रक्कम घातली आणि चहापासून होडीपर्यंत सगळे त्यातूनच दिले. कोणी किती दिले हा विषयच उरला नाही. सहलीला सोबत निवडताना आवडीनिवडी जुळतात का, यापेक्षा चालण्याचा वेग आणि झोपेची वेळ जुळते का, हे आधी पाहावे.

चार्जर चालतो का? फोटो काढता येतात का?

तिथला वीजपुरवठा २२० व्होल्टचा आहे. आपला दोन गोल पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांचा चालत नाही. फोनने फोटो बहुतेक ठिकाणी काढता येतात, पण फ्लॅश कुठेही वापरू नये.

मार्गदर्शक घ्यावा का?

सक्कारा आणि कर्नाक इथे अवश्य घ्यावा, अधिकृत परवाना पाहून. फिले आणि हत्शेप्सुतचे मंदिर मात्र आधी वाचून जाऊन आपल्या पायांनी, आपल्या वेगाने पाहावे.

येताना काय आणावे?

पपायरसची चित्रे रस्त्यावर घेऊ नयेत, ती पुष्कळदा केळीच्या सोपटाची किंवा साध्या कागदाची असतात. आम्ही आस्वानच्या बाजारातून वाळवलेल्या कर्कदेच्या पाकळ्यांच्या दोन पिशव्या आणल्या. कर्कदे म्हणजे लाल अंबाडी. आस्वानला ती उकळून, साखर घालून, गरम किंवा थंड पितात आणि तिचा रंग कोकम सरबताच्या इतका जवळ असतो की पहिल्या पेल्याला मैत्रिणीने सवयीने जिरे-मीठ मागितले. बिया आणू नयेत, त्यांना परवानगी लागते. आणायची गरजही नाही, कारण नागावच्या तिच्या वाडीत विहिरीच्या कडेला लाल अंबाडीची चार झाडे पूर्वीपासून आहेत. तिच्या सासूबाई त्यांच्या पानांची भाजी करतात आणि फुले गळून जातात. यंदा तिने ती गळू दिली नाहीत. फुलांखालच्या लाल बोंडांच्या पाकळ्या सोडवून ओटीवर सुपात वाळत घातल्या आहेत.